पोर्ट केली म्हणता, पण पॉलिसीवर पहिली तारीख कोणती?

सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आलंय. असली पत्रं हल्ली आठवड्याला दोन-तीन येतात, म्हणून उत्तर इथेच देतो. नोव्हेंबर 2017 पासून यांची एका कंपनीकडे तीन लाखांची मेडिक्लेम होती. नोव्हेंबर 2021 मध्ये एजंटने ‘पोर्ट करू’ (म्हणजे जुनी वर्षं कायम ठेवून कंपनी बदलू) म्हणत दुसऱ्या कंपनीची दहा लाखांची पॉलिसी गळ्यात मारली: हप्ता जवळपास तेवढाच आणि मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात कॅशलेस. जानेवारी 2025 मध्ये अँजिओप्लास्टी झाली, बिल 4 लाख 80 हजार. 20 मार्च 2025 च्या पत्राने कंपनीने क्लेम नाकारला आणि पॉलिसीही रद्द केली. कारण केस पेपरवर ‘बीपीची गोळी 2019 पासून’ असं लिहिलंय आणि 2021 च्या प्रपोजल फॉर्मवर बीपीसमोर ‘नाही’. वाचक विचारतात, “बीपी तर घरोघरी आहे, त्याला लपवणं म्हणतात का?”

हो, म्हणतात. फॉर्म एजंटने भरला, मी फक्त सह्या केल्या, हे सांगून सुटका होत नाही. सही तुमची आहे.

तरीही तुमची केस मेलेली नाही. ती एका ओळीवर उभी आहे आणि नेमका तोच कागद तुम्ही पाठवलेला नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर, शेड्यूलमध्ये, विमा सलग कधीपासून आहे ती तारीख छापलेली असते. तिथे 2017 आहे की 2021?

हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगतो. 1 ऑक्टोबर 2011 पासून आरोग्य विम्यात पोर्टेबिलिटी आली. गिऱ्हाईक टिकवायला कंपन्यांनी आपसात स्पर्धा करावी आणि कंपनी बदलताना आधीची वर्षं वाया जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. स्पर्धा झाली, पण हप्त्यात आणि कॅशलेसच्या यादीत. क्लेम कोण सरळ देतं यावर कुणी जाहिरात केलेली मला दिसली नाही. असो. 2024 च्या नियमांनी मोरॅटोरियम आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणला: सलग 60 महिने विमा असेल, तर माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा, आणि ती सिद्ध करायची कंपनीने. पोर्ट केलेली वर्षं या 60 महिन्यांत धरतात.

तारीख 2017 असेल, तर जानेवारी 2025 ला तुमची सात वर्षं उलटून गेली होती. पण हे संरक्षण जुन्या तीन लाखांना आणि सोबत आलेल्या बोनसला (क्लेम न केल्याबद्दल वाढलेल्या विमा रकमेला). वाढवलेल्या सात लाखांचे 60 महिने 2021 पासून मोजायचे, ते क्लेमच्या वेळी पुरे झाले नव्हते. म्हणजे तीन लाखांवर मी ठामपणे भांडेन. उरलेल्या 1 लाख 80 हजारांबद्दल आश्वासन देणार नाही.

तारीख 2021 असेल, तर एजंटने पोर्टच्या नावाखाली नवी पॉलिसी विकली. पोर्टचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी द्यायचा असतो, आणि तुम्ही तर लिहिता “मधे पंधरा-वीस दिवस गेले, दिवाळी होती.” हे वाचून मी कपाळाला हात लावला. तशा स्थितीत लढत कठीण आहे. पोर्टचा फॉर्म किंवा जुन्या कंपनीशी झालेला पत्रव्यवहार हाती लागला तरच काही बोलता येईल. लपवलेल्या आजाराचा मृत्यूशी संबंध नसेल तर क्लेम द्यावा, असा सुप्रीम कोर्टाचा 2015 चा मोटेगावकर निकाल दाखवून कुणी धीर दिला, तर फार विसंबू नका. तिथे लपवलेला आजार मणक्याचा होता आणि मृत्यू हृदयविकाराने. बीपी आणि हृदय यांचं नातं तोडून दाखवणं अवघड.

आता मुदत. कस्टमर केअरला नऊ ईमेल पाठवून तुम्ही सव्वा वर्ष घालवलंत. ईमेलमुळे मुदत वाढत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे दोन वर्षं, म्हणजे 19 मार्च 2027 च्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. उशीर माफ होऊ शकतो, पण ‘एजंट बघतो म्हणाला’ हे कारण चालेल असं मला वाटत नाही. विमा लोकपालाकडे फी नसते, निकालही लवकर लागतो. मात्र तिथली एक वर्षाची मुदत तुमच्या कोणत्या ईमेलपासून मोजायची यावरच आधी वाद होईल. ग्राहक आयोगात प्रकरण चालू असताना लोकपालाचं दार बंद असतं, तेव्हा दोन्हीकडे एकदम धावू नका. मी असतो तर सांगलीच्या जिल्हा आयोगात गेलो असतो. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, आणि भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल. तेवढ्यात साक्षीची शपथपत्रं जरी झाली तरी पेढे वाटा.

शेड्यूल, दोन्ही कंपन्यांच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी आणि प्रपोजल फॉर्मची प्रत कंपनीकडून लेखी मागा, रजिस्टर पोस्टाने. दरम्यान तुम्ही विम्याविना आहात. नवा फॉर्म स्वतः भरा, त्यात बीपी, स्टेंट आणि रद्द झालेली पॉलिसी, तिन्ही लिहा. हप्ता जास्त येईल, कदाचित नकारही येईल.