वही आधी परत द्या

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे, दहावीला ९४ टक्के. जेईईचा क्लास लावलाय. पण तो सिनेमातल्या अंतराळयानांच्या स्क्रीन वहीत काढत बसतो आणि ‘मला हेच डिझाइन करायचंय’ म्हणतो. वही मी कुलपात ठेवली आहे. सोबत एका पानाचा फोटो पाठवतोय. सिनेमातल्या खोट्याच्या मागे लागू नको, असं त्याला समजवा.
– एक पालक, सांगली

उत्तर : तुमच्या मूळ, लांबलचक पत्रात क्लासची फी तीनदा आली आहे, मुलाचं नाव एकदाही नाही. फोटो तुम्ही पुरावा म्हणून पाठवलात. मी तो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘डावखुऱ्याने हे कसं वापरायचं?’ हा प्रश्न पडणाऱ्या मुलाला काय समजवू? घरात वही दाखवायची चोरी झाली, की पोरं पुढे क्लास टेस्टचे मार्कही दाखवत नाहीत. दरवर्षी बघते मी हे.

‘सिनेमातलं खोटं’ म्हणता, तर ऐका. १९८७ साली ‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानाच्या गोष्टीची नवी टीव्ही मालिका आली. यानाच्या पॅनेल्सचं डिझाइन मायकल ओकुडा यांच्याकडे होतं आणि बजेट तुटपुंजं. खरी बटणं, खटके, दिवे परवडेनात, म्हणून मागून उजेड सोडलेल्या सपाट प्लास्टिकवर नुसती छापील बटणं आली. मोबाइल तिथूनच जन्मला असं मी म्हणत नाही. पण अशाच सपाट काचेवर बोट टेकवून तुम्ही आज गॅसचा नंबर लावता.

गैरसमज चिरंजीवांचाही आहे. फोटोतली स्क्रीन हवेत हात फिरवून चालवायची आहे, थेट ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ची आठवण यावी अशी. २००२ च्या त्या सिनेमाला अमेरिकेतल्या एमआयटीत संशोधन केलेले जॉन अंडरकॉफ्लर सल्लागार होते, म्हणजे कल्पना हवेतली नव्हती. तरी त्याला दोन्ही हात पाच मिनिटं समोर धरून उभं राहायला सांगा. खांदे भरून येतील. या दुखण्याला डिझाइनवाले ‘गोरिला आर्म’ म्हणतात. सिनेमातली स्क्रीन प्रेक्षकाला क्षणभरात कळली की तिचं काम झालं. खरी स्क्रीन कुणीतरी दिवसाचे आठ तास वापरणार असतं. नुसत्या देखण्या चित्राला इथे कोणी विचारत नाही.

डिझाइनच्या प्रवेश परीक्षा म्हणाल तर आयआयटींसारख्या संस्थांतल्या डिझाइन पदवीसाठी यूसीड आणि एनआयडीची, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची, डॅट. दोन्हींना बारावीची कुठलीही शाखा चालते. जेईई द्यायची की नाही, ते त्याला ठरवू द्या.

तूर्त वही परत करा आणि त्याला बँकेत पाठवा, पासबुक छापायच्या मशीनपाशी. तासभर नुसतं बघायचं : पासबुक कोण उलटं घालतं, कुठल्या पाटीपाशी माणसं अडतात, वॉचमनला हाक कधी जाते. मग तीच स्क्रीन नव्याने काढायची. ती पानं मला पाठवा. सोबतचं पत्र मात्र त्याला लिहू दे.