फियाट ५०० च्या गिअरबॉक्सपाशी लोंबणारी केबल स्पीडोमीटरचीच आहे का, आणि ती जोडायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तोरिनोला १९६९ ची फियाट ५०० एफ घेतलीत, काटा शून्यावरून हलत नाही, किलोमीटरचे आकडेही थांबलेत, गाडीखाली एक काळी केबल लोंबतेय आणि ओळखीचा मेकॅनिक मीटरच बदला म्हणतोय. माझ्याकडे याच पिढीची ५०० एल आहे, तेव्हा या केबलींशी बऱ्यापैकी ओळख आहे.

मीटर बदलू नका. आकडेही बंद आहेत, यातच अर्धं उत्तर आलं. मीटरमध्ये एकच दांडी फिरते. आकडे तिच्यावर दातेरी चाकांनी चालतात आणि काटा चुंबकाने. चुंबक फिरतो, त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमची वाटी ओढली जाते आणि बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. आकडे चालू असून काटा बंद असता तर दोष मीटरमध्ये शोधला असता. दोन्ही एकदम बंद पडले की दांडीपर्यंत फिरकीच पोचत नाही, असं आधी धरायचं.

आता ती केबल कुठली? या गाडीचं इंजिन मागे आणि चालवणारा पुढे, त्यामुळे मधल्या टनेलमधून, म्हणजे गाडीच्या तळाशी मधोमध असलेल्या लांब पोकळीतून, बरंच काही मागे जातं: ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, गिअरची दांडी, शिवाय सीटांच्या मधल्या दोन छोट्या लिव्हरच्या, म्हणजे चोक आणि स्टार्टरच्या केबली. या सगळ्या केबली ओढायच्या आहेत. फिरणारी फक्त मीटरची. टोक पुसून बघा. आतल्या तारेचं टोक चौकोनी असेल आणि बाहेरच्या नळीवर मोकळा फिरणारा नट असेल, तर तीच. खात्रीसाठी डॅशखालून हात घालून मीटरमागचा नट सोडवा, खालचं चौकोनी टोक चिमटीत धरून फिरवा आणि वरचं फिरतं का ते दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगा. वरचं ढिम्म असेल तर तार मध्येच तुटलीय. मग नळीतले दोन्ही तुकडे काढायचे, वरचा वरून आणि खालचा खालून.

केबल जोडण्याआधी गिअरबॉक्समधून फिरकी येते का ते बघा. ही पायरी लोक गाळतात आणि मग नवी केबल घालूनही काटा जागचा हलत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सोडा (तो मागच्याच चाकांना लागतो) आणि मागचं एकच चाक उचला. एकच! दोन्ही उचललीत तर एक चाक पुढे फिरवल्यावर दुसरं उलटं फिरतं, डिफरन्शियलमधलं (दोन्ही चाकांना फिरकी वाटून देणाऱ्या भागातलं) मोठं चक्र जागेवरच राहतं आणि ड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्समधला केबल फिरवणारा भाग, मेली असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात ती ठणठणीत असते. दुसरं चाक जमिनीवर टेकलेलं असलं की ही गफलत होत नाही. गाडीखाली शिरायचं तर घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवूनच, नुसत्या जॅकवर नाही.

उचललेलं चाक सावकाश फिरवताना केबल जिथे बसते त्या भोकात टॉर्च मारा. आतली चौकोनी खाच फिरताना दिसली की काम केबलपुरतंच आहे. तिथे तेल ओघळलेलं असेल तर ड्राइव्हचं सील बघा, कारण फिरणारी तार तेल हळूहळू वर चढवते आणि ते शेवटी मीटरमध्ये पोचतं.

मग तार बाहेर ओढा, पुसा, दोन्ही हातांत झोळ देऊन धरा आणि एक टोक बोटांनी फिरवा. झोळ शांत फिरला तर तार चांगली. मध्येच उडी मारली तर ती मुडपलेली आहे, आणि गाडी चालताना काटाही तशाच उड्या मारेल. मुडपलेली तार सरळ करत बसू नका, नवीन घ्या.

ग्रीस हलक्या हाताने लावा, आणि मीटरकडची शेवटची वीतभर तार कोरडीच ठेवा. या गाडीत केबिनला लागणारी गरम हवा टनेलमधूनच येते, त्यामुळे ग्रीस लवकर वाळतं. म्हणून थापून ठेवायचा मोह होतो, पण ते मीटरमध्ये शिरलं की वाटी चिकटते.

पूर्ण केबलच बदलायची असेल तर जुनी ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधा. नवी केबल त्याच दोऱ्याने टनेलमधून आणता येते. नाहीतर टनेलमध्ये तार चाचपडत अख्खी दुपार जाते. वळणं ऐसपैस ठेवा, सहा इंचांपेक्षा कमी त्रिज्येचं वळण नको, आणि नटापासून पहिले दोन इंच केबल सरळच हवी. केबल पत्र्यातून जाते तिथला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवलेली रबरी कडी) फाटला असेल तर नवा टाका.

आधी खालचं टोक जोडा. चौकोन खाचेत बसेपर्यंत तार किंचित फिरवा, मग नट हाताने आवळा. तो आट्यांवर सहज चढला पाहिजे. पकडीने ओढून बसवलात तर बहुधा चौकोनच खाचेबाहेर राहिलाय. वरचा नट लावण्याआधी चाक पुन्हा फिरवून वरचं टोक फिरतं का बघा. तिथे तार नळीबाहेर साधारण एक सेंटीमीटर असावी. जास्त असेल तर ती मीटरच्या दांडीला रेटत राहते आणि चांगलं मीटर त्यानेच खराब होतं.

नंतर मोकळ्या रस्त्यावर शेजारच्याच्या मोबाइलमधला जीपीएस लावून ४० आणि ६० ला काटा तपासा. टायर मूळचे १२५-१२ नसून १३५/८० आर १२ असतील तर घेर सुमारे ३ टक्के जास्त आहे, तेवढा काटा कमी दाखवेल. त्याहून बराच फरक आला, तर मग मीटर उघडण्याचं बघू.