रेंजफाइंडरची पहिली लेन्स: फोख्टलेंडर की स्वस्तातली?

रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी एकच लेन्स घ्यायची असेल तर थोडं थांबा, पैसे जमवा आणि फोख्टलेंडर घ्या. जपानच्या कोसिना कंपनीच्या या लेन्स नव्या लायका लेन्सच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. सेव्हन-आर्टिसन्स, टीटीआर्टिसन या चिनी कंपन्यांच्या लेन्स त्याहून स्वस्त, आणि एफ/८ ला (म्हणजे ॲपर्चर, लेन्सचं प्रकाश आत सोडणारं छिद्र, बरंच लहान केल्यावर) फोटोत फारसा फरक दिसणारही नाही.

खरा फरक फोकसचा. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघतो; फोकस फिरवला की लेन्सच्या मागचा कॅम (पुढेमागे सरकणारी कड) कॅमेऱ्यातला दांडा ढकलतो आणि खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळतात. हे किंचित चुकलं, तरी ॲपर्चर पूर्ण उघडल्यावर डोळ्यांऐवजी कान शार्प येतात. काही स्वस्त लेन्सचा कॅम स्वतः जुळवता येतो, पण चूक आपली की लेन्सची, हेच नवख्याला कळत नाही. फिल्मवर तर रोल धुऊन येईपर्यंत पत्ताच लागत नाही!

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:
- एफ/१.१ चा, म्हणजे खूप मोठ्या ॲपर्चरचा मोह. ३५ मिमी एफ/२ भरपूर झाली.
- जुनी लेन्स टॉर्च मारून न बघता घेणं. बुरशी तपासाच.

बजेट खरंच नसेल तर स्वस्तातली २८ मिमी बिनधास्त घ्या. तिची डेप्थ ऑफ फील्ड (फोकसच्या पुढेमागे शार्प दिसणारा पट्टा) जास्त असते, फोकसची छोटी चूक खपून जाते.