उत्तर: पुणे–कन्याकुमारी–पुणे, पाच गाड्या, दहा दिवस, दिवाळीच्या सुट्टीत

प्रश्न थोडक्यात असा: पाच बुलेट, दोघांच्या मागे पिलियन (मागे बसणारा सोबती), आणि मार्ग पुणे–गोवा–मंगळूर–कोची–कन्याकुमारी–रामेश्वरम–मदुराई–उटी–बंगळूर–पुणे. सगळे मिळून साधारण ३,४०० किमी, म्हणजे रोजचे ३४०. कागदावर जमते. रस्त्यावर दोन ठिकाणी अडेल.

पहिली अडचण तारखेची. दसरा झाला की पाऊस संपला, हा आपला हिशोब. तामिळनाडूत मात्र त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, ईशान्य मान्सूनचा. दिवाळीत निघालात तर मदुराई-रामेश्वरमचा टापू आणि निलगिरीचा पूर्व उतार नेमका भिजलेला सापडेल. जानेवारी कोरडा, पण १४ तारखेच्या आसपास तामिळनाडूचा पोंगल सण आणि केरळातल्या शबरीमलाचा मकरविळक्कू उत्सव एकत्र येतात. बसेस, गर्दी, खोल्या नाहीत. मग २६ जानेवारीला उटी भरते. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा.

दुसरी अडचण केरळची. तिथे एक गाव संपून दुसरे सुरू झालेले कळत नाही, सलग वस्ती. त्यात किनाऱ्याच्या महामार्गावर रुंदीकरणाची कामे. ३५-४० च्या वर सरासरी धरू नका. मंगळूर ते कोची ४०० किमी म्हणजे दहा-अकरा तास खोगिरावर, तेही दमट उकाड्यात. पिलियनवाले तिसऱ्या दिवशी बोलेनासे होतात.

माझे मत: कन्याकुमारी आणि डोंगर (उटी, मुन्नार) यांतले एक निवडा. दहा दिवसांत डोंगर निवडावेत.

पहिला दिवस हुबळी, ४३० किमी. दुसरा मैसूर. त्यासाठी बंगळूरला जायची गरज नाही. चित्रदुर्गानंतर हिरियूरला मुख्य रस्ता सोडून राष्ट्रीय महामार्ग १५०ए पकडा. हुलियार, नागमंगल, श्रीरंगपट्टण करत मैसूर. बंगळूरचा ट्रॅफिक वाचतो आणि बंगळूर–मैसूर एक्सप्रेसवेचा प्रश्नच येत नाही (१ ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या मुख्य रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, सर्व्हिस रोडने जावे लागते).

तिसरा दिवस मैसूर–गुंडलुपेट–बंदीपूर–गुडलूर–उटी. किमी जेमतेम १५०, पण वेळ जंगलाच्या फाटकाचा. बंदीपूरचा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद. पेट्रोल गुंडलुपेटलाच भरा. आत थांबायचे नाही, फोटोलासुद्धा नाही. दंड होतो, आणि हत्ती दंडाची वाट बघत नाही. मसिनगुडीवरून कल्हट्टी घाटाच्या ३६ वळणांचा मोह पिलियन असताना टाळा. उतरायला तर बाहेरच्या गाड्यांना सहसा सोडतच नाहीत. उटीसाठी मे २०२४ पासून ई-पास लागतो, प्रत्येक गाडीचा वेगळा. आदल्या रात्री मैसूरला काढून ठेवा. निलगिरीत प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना बंदी आहे, स्टीलची बाटली न्या.

चौथ्या दिवशी कुन्नूर–मेट्टुपाळयम उतरून पोल्लाची. पाचव्या दिवशी उडुमलपेट–चिन्नार–मरयूर–मुन्नार. चिन्नारच्या जंगलाचा पट्टा भर उजेडात ओलांडा. सहावा दिवस मुन्नारमध्ये, गाड्या उभ्या. सातव्या दिवशी बोडिमेट्टूचा घाट उतरून थेनी, मदुराई. मग बंगळूर, हुबळी, पुणे. एकूण २,७०० च्या आसपास.

आता उताराचे. कुन्नूर आणि बोडिमेट्टूला बहुतेकांचे ब्रेक जातात ते न्यूट्रल किंवा चौथ्या गिअरमध्ये ब्रेक दाबून ठेवल्याने. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक वळणाआधी एकदा दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. सतत दाबला की डिस्क तापते, ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजासारखा मऊ होऊन थेट मुठीला टेकतो. असे वाटले की वीस-पंचवीस मिनिटे थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, वाकते. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर निघण्याआधी बदला.

चेनकडेही बघा. पिलियन आणि बॅगा चढल्या की मागचा स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) उचलला जातो आणि चेन ताणली जाते. म्हणून रिकाम्या गाडीवर कडक बसवलेली चेन भाराखाली बेअरिंग खाते. चाक फिरवून सर्वांत ताठ जागा शोधा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या ढिलाईच्या वरच्या मर्यादेला ठेवा. दर ५०० किमीला चेनला ल्यूब (वंगण), तेही संध्याकाळी, चेन गरम असताना.

पाचही गाड्या एकसारख्या हा तुमचा मोठा फायदा: स्पेअर एकच संच पुरतो. नवी क्लच केबल जुनीच्या शेजारून टाकून झिपटायने बांधून ठेवा, तुटली तर दहा मिनिटांत दुसरी जोडता येते. स्पोकची चाके असतील तर पुढची १९ आणि मागची १८ इंची ट्यूब एकेक, तीन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), पंप.

एकत्र चालायचे म्हणजे शेपूट धरून नव्हे. निघताना सर्वांत हळू गाडी दुसऱ्या क्रमांकावर, अनुभवी माणूस आणि टूलकिट शेवटी. प्रत्येक फाट्यावर त्या वेळी दुसरा असेल तो थांबतो, शेवटचा दिसला की त्याच्या पुढे लागतो. जंगलात रेंज नसते, लाइव्ह लोकेशनवर विसंबून कोणी ना कोणी चुकतोच. जेवण साडेबारालाच उरका. तीननंतर बऱ्याच ठिकाणी ‘मील्स’ (भाताची थाळी) संपतात. आणि भात दुसऱ्यांदा घेऊ नका, मदुराईच्या रस्त्यावर डुलकी ठरलेली.

कन्याकुमारी सुटतच नसेल तर गाड्या रेल्वेने पाठवा आणि फक्त परतीचा प्रवास चालवा. पुण्याहून कन्याकुमारीला थेट गाडी आहे. सुरुवातीचे स्टेशन असल्याने चढवायला वेळ मिळतो. तिकिटावर ‘लगेज’ म्हणून बुक केली तर शक्यतो त्याच गाडीने जाते. ‘पार्सल’ जागा होईल तेव्हा. आरसीची प्रत, ओळखपत्र, टाकी पूर्ण रिकामी, आरसे काढून बॅगेत. पॅकिंगवाल्याला हँडल, इंडिकेटर आणि टाकीवर पेंढा जास्त घालायला सांगा, ओरखडे तिथेच येतात. उतरल्यावर टाकी कोरडी असते, त्यामुळे स्टेशनजवळचा पंप आधीच नकाशात बघून ठेवा.

हवा भरायला कन्नडमध्ये ‘गाळी’, तमिळमध्ये ‘कात्तु’, मल्याळममध्ये ‘काट्टु’. टायरकडे बोट दाखवून म्हणा, पुरते. प्रेशरचा आकडा मात्र कागदावर लिहून दाखवा, नाहीतर सगळ्या चाकांत एकच हवा भरतात.