मनुकांची पुडी सोबत न्या

ठाण्याहून पदव्युत्तर शिक्षणासाठी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे जाताना बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, म्हणून शब्बाथ (शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा, काम वर्ज्य असलेला विश्रांतीचा दिवस) व सण पाळता येतील का, आणि आपली ओळख सांगावी की लपवावी, असे आपण विचारले आहे. मी त्याच शहरात दोन हिवाळे काढले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली अडचण सूर्याची आहे. आपल्याकडे ऐन हिवाळ्यातही सहाच्या सुमारासच दिवस मावळतो. तेथे डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या आधीच जातो, त्यामुळे शुक्रवारी साडेतीनच्या आत शब्बाथचे दिवे लावावे लागतात. माझे प्रात्यक्षिक मात्र शुक्रवारी पाचपर्यंत चाले. पहिल्या वर्षी संकोचाने मी काहीच बोलले नाही आणि हातात परीक्षानळी धरून खिडकीबाहेर काळोख उतरताना पाहत राहिले. दुसऱ्या वर्षी पहिल्याच आठवड्यात विभागाला पत्र लिहिले आणि मला मंगळवारची तुकडी मिळाली. रोश हशाना (आपले नववर्ष) व योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपवास) नेमके सत्राच्या सुरुवातीला येतात, तेव्हा त्या तारखाही आधीच कळवा. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात धर्माचा समावेश आहे; आपण कोणाची मेहेरबानी मागत नाही.

सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळी, प्रथम जाण्यापूर्वी ईमेल करावा व ओळखपत्र जवळ ठेवावे. दारावरची चौकशी सुरक्षेसाठी असते, तिचे वाईट वाटून घेऊ नये. मला जड गेले ते आत गेल्यावर. ‘शमा इस्रायल’ या आपल्या मुख्य प्रार्थनेचे शब्द तेच, पण चाली अश्कनाझी, म्हणजे युरोपीय ज्यूंच्या, उच्चार निराळे, लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना मला पहिल्या शनिवारी सुरात म्हणता आली नाही. नंतर एका वृद्ध गृहस्थांनी आपुलकीनेच विचारले, ‘तुम्ही हा धर्म कधी स्वीकारलात?’ त्या रात्री मी रडले. पुढे मात्र आपले पूर्वज जहाज फुटून कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागले ही आपली परंपरा, तेल गाळताना शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, मुंबईतले १७९६ चे शाआर हारहमीम हे सिनेगॉग, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने आपण सर्व बाबतीत ज्यूच आहोत असे केलेले जाहीर निवेदन, हे सारे मी न चिडता सांगू लागले. हे आपल्याला तोंडपाठ हवे, कारण ज्यू म्हणजे ख्रिस्ती का, असे विचारणारे आपले भारतीय मित्रही तेथे भेटतातच.

रिवाजांतल्या फरकाचा अनुभव पेसाहला, म्हणजे बेखमीर भाकरीच्या सणाला, सर्वांत ठळक आला. यजमानांच्या घरी सणात तांदूळ वर्ज्य होता आणि आपल्याकडे तो चालतो. मी तेथे त्यांचा नियम पाळला, स्वतःच्या खोलीत आपला पाळला. दोन्ही रिवाज जुने आहेत आणि कोणालाही खोटे ठरवण्याची गरज मला वाटली नाही.

ओळख लपवू नका, असेच मी म्हणेन. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायल-गाझा युद्ध सुरू झाल्यानंतर विद्यापीठांमधले वातावरण तापलेले आहे हे खरे, परंतु एखाद्या सरकारच्या वतीने उत्तर देणे हे आपले काम नाही, एवढे शांतपणे सांगता येते. धमकी किंवा शिवीगाळ झाली तर मात्र लगेच लेखी तक्रार करावी.

सामानात मराठी अर्थ असलेले प्रार्थनेचे पुस्तक आणि काळ्या मनुकांची पुडी अवश्य ठेवा. पोहे व नारळ तेथील भारतीय दुकानांत मिळतात, त्यामुळे मलिदा, म्हणजे आपला गोड पोह्यांचा प्रसाद, होतो. किद्दुशच्या, म्हणजे शुक्रवारी रात्री पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाच्या, सरबतासाठी मनुका गुरुवारी रात्रीच भिजत घाला. आपल्याकडच्यासारख्या चार तासांत त्या तेथील थंडीत फुगत नाहीत.