आंबा-मिरची लावलेला सॅल्मन: वरून करपतो, आतून कोरडा

प्रश्न: नमस्कार ताई, मुलगा गोव्याला जॉबला आहे, येताना त्याने फ्रोजन सॅल्मनचे दोन तुकडे आणले, महाग असतंय ओ ते, म्हणून काहीतरी स्पेशल करूया म्हणून आंब्याचा रस, गूळ आणि लाल तिखट कालवून वर थापलं आणि ओटीजीत अर्धा तास ठेवलं. वरचं काळं झालं, मासा कोरडा ठण्ण आणि बाजूनं पांढरं पांढरं दह्यासारखं काहीतरी आलं. मासा खराब होता काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: मासा चांगलाच होता वहिनी. ते पांढरं म्हणजे माशातलंच प्रोटीन, उष्णता जास्त झाली की मांस आवळतं आणि ते बाहेर येऊन गोठतं, खाल्लं तरी काही होत नाही. पण एवढं आलं म्हणजे अर्धा तास फारच झाला. इंचभर जाडीच्या तुकड्याला 200 डिग्रीला 12 ते 15 मिनिटं बास, तेही ओव्हन आधी तापवून घेतला असेल तर. काट्यानं दाबल्यावर पाकळ्या सुटल्या की काढायचा. आपल्याला आमटीत मासा रटरटवायची सवय, ती इथं आड येते.

काळं झालं ते गूळ आणि आंब्यातल्या साखरेमुळं, वरच्या रॉडखाली ती लगेच करपते. म्हणून आंबा पहिल्यापासून लावायचाच नाही. मासा रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सोडवा, गरम पाण्यात नको, मग कापडानं टिपून एकदम कोरडा करा, मीठ, लसूण, थोडं तेल चोळा आणि कातडी खाली करून ट्रेमध्ये ठेवा. तो 8-9 मिनिटं भाजतोय तोवर इकडं कढईत अर्धी वाटी रस आटवा, चमच्याला चिकटून राहील इतका, पातळ राहिला तर सगळा ट्रेमध्ये ओघळतोय बघा. त्यात भिजवून वाटलेल्या तीन ब्याडगी घाला, त्या रंगाला, आणि झणझणीत पाहिजे तर एखादी संकेश्वरी, जास्त नको, मुलं रडतील. गूळ मी तर घालणारच नाही, हापूस असताना कशाला? गॅस बंद करून लिंबू पिळा, हे माशावर पसरा आणि शेवटची 4-5 मिनिटं परत ओव्हनमध्ये. कडेला जरा डाग पडले की झालं.

आंब्याचा सीझन नसेल तर अननस चालतो, पण शिजवूनच. कच्च्या अननसातलं एन्झाइम मांस मोडतं, लावून ठेवलात तर मासा पिठूळ लागतो, शिजवल्यावर त्याचा जोर जातो.

प्रश्न: आमच्याकडे सॅल्मन कुठला मिळतोय, ओव्हन पण नाही. रावस घेऊन तव्यावर केलं तर चालेल काय?
– निपाणीहून एक वाचक

उत्तर: चालेल की! दुकानात रावसला इंडियन सॅल्मन म्हणतात खरं, पण दोघांचं काही नातं नाही. सॅल्मन बहुतेक नॉर्वेसारख्या थंड मुलखात पाळलेला, तेलकट, आणि रावस आपल्याच किनाऱ्याचा, त्याला तेवढी चरबी नाही म्हणून तव्यावर तेल जरा सढळ सोडा. कातडीची बाजू आधी खरपूस करा, उलटा, मग वर तोच आंबा-मिरचीचा गोळा, झाकण आणि बारीक गॅसवर तीन-चार मिनिटं. सोबत गरम भात. सुरमईचं पण असंच करता येतं, फक्त काप जाड घ्या.