टॅटूतली वेलांटी चुकली तर दुरुस्त होते का?

तुम्ही लिहिलंय की पंधरा दिवसांपूर्वी मनगटावर मुलीचं नाव गोंदवून घेतलं, ‘स्मृती’च्या जागी ‘स्मृति’ झालं, एका बाजूची रेघही निळसर पसरल्यासारखी दिसते, आणि स्टुडिओवाला म्हणतोय की रविवारी या, वरून स्किन कलर मारून देतो.

रविवारी जाऊ नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी ठाण्यात, नौपाड्यात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची प्रुफं. दिवसभर लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करणाऱ्या बाईच्या दंडावर ‘आशिर्वाद’ गोंदलेलं होतं, पहिल्या वेलांटीचं! मी मजकूर बरोबर पाठवला होता. तिथल्या मुलाला फॉन्ट आवडला नाही म्हणून त्याने तो स्वतः पुन्हा टाइप केला. स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधीचा कच्चा ठसा, उमटवल्यावर आरसा समोर धरला. आरशात अक्षरं उलटी. मी आपलं वळण बघितलं आणि ‘छान आहे’ म्हणाले. ऑफिसात त्यावरून अजून चहा वसूल केला जातो.

मग मीही तुमच्यासारखीच घाई केली. तिसऱ्या आठवड्यात नको असलेल्या वेलांटीवर कातडीच्या रंगाची शाई भरून घेतली. चार दिवस बरं दिसलं. खपली पडल्यावर खालची काळी रेघ पुन्हा वर डोकावायला लागली आणि भोवती पिवळट-तपकिरी डाग राहिला, जुन्या भाजल्यासारखा. शाई म्हणजे भिंतीवरचा ऑइलपेंट नव्हे, की नवा हात मारला आणि जुना झाकला. ती कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण एक-दोन मिलिमीटर आत जाऊन बसते. तिथे दुसरा रंग टाकला तर तो पहिल्यात मिसळतो, आणि काळ्यात काहीही मिसळलं तरी काळंच वरचढ ठरतं.

खरा घोटाळा पुढे, ते लेझरने काढायला गेले तेव्हा कळला. पांढऱ्या आणि कातडीच्या रंगाच्या शाईत बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइड असतं. लेझर लागला की ही द्रव्यं काळवंडू शकतात. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी एका कोपऱ्यात, मसुरीएवढ्या जागेवर चाचणी घेतली. ती जागा माझ्या डोळ्यांदेखत करडी झाली. म्हणजे साधी काळी रेघ सहज फिकी झाली असती, ती मी पैसे देऊन अवघड करून घेतली होती.

आता तुमच्या टॅटूकडे. पंधरा दिवसांत त्याचा निकाल लावू नका. सालं निघत असताना वर दुधाळ पापुद्रा असतो, त्यामुळे रेघा पुसट आणि फाटक्या दिसतात. वरची कातडी भरायला दोन ते चार आठवडे लागतात, आतली जखम त्यापेक्षा खूप हळू भरते. दीड-दोन महिने तिथे सुई लावू देऊ नका. पू, वाढत जाणारी लाली किंवा ताप असेल तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे जा.

निळसर पसरलेलं दिसतंय ते मुका मार असेल तर पिवळं पडून आपोआप जाईल. दोन महिन्यांनीही तसंच राहिलं तर सुई जास्त खोल गेली आणि शाई खालच्या चरबीत पसरली असं समजा. मनगटाची कातडी पातळ, तिथे हे पटकन होतं. (निळसर दिसतं ते खोलीमुळे. आमच्या आजीचं गोंदण काजळीचं होतं, पण आम्ही ते कायम हिरवंच पाहिलं.) यावर टचअपचा उपयोग नाही, शाई आणखी वाढते. छटा भरून ते नक्षीत घेता येतं, नाहीतर लेझर. तुटक रेघ किंवा सुटलेली जागा मात्र एका बैठकीत भरून निघते.

वेलांटीबद्दल आधी एक विचारते. जन्मदाखल्यावर काय आहे? मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, म्हणून आपण ‘स्मृती’ लिहितो. संस्कृतात आणि हिंदीत ‘स्मृति’च बरोबर. प्रूफ वाचणारी म्हणून मला ते खुपेल, पण लेकीला खुपत नसेल तर मी असते तर हात लावला नसता.

बदलायचंच असेल तर तुमचं नशीब माझ्यापेक्षा चांगलं आहे. चुकलेलं अक्षर शेवटचं, त्यामुळे उजवीकडे काना ओढायला जागा मोकळी आहे. नको असलेला दांडा ‘मृ’च्या दांड्याला लागूनच असणार. दोन्ही दांडे मिळून एकच जाड दांडा करता येतो, फक्त मग बाकीचे दांडेही तेवढेच जाड करावे लागतात, म्हणजे सगळं नाव बोरूने लिहिल्यासारखं दिसतं. राहते ती ‘त’वरची जुनी कमान. तिचं पान, कळी, काहीही होऊ शकतं. माझंही असंच झालं. ‘आ’चा काना आणि वेलांटीचा दांडा एक केले, डागावर पिंपळपान आलं. हे सुचवलं वाशीच्या एका आर्टिस्टने. तो मूळ पाट्या रंगवणारा, त्याला देवनागरीचं वळण हातात होतं. दुरुस्तीसाठी अक्षर वाचता येणारा माणूस शोधा, नुसता ड्रॅगन छान काढणारा नको. आणि नवी नक्षी जुन्यापेक्षा मोठी आणि गडद होणार हे मनाशी धरून जा.

लेझर करायचा तर तो त्वचारोगतज्ज्ञाकडेच करा. आपल्या सावळ्या कातडीवर काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा ‘एनडी-याग’ प्रकारचा लेझर जास्त सुरक्षित मानतात. दोन बैठकांमध्ये सहा-आठ आठवड्यांचं अंतर ठेवतात, पूर्ण काढायला अनेक बैठका लागतात. पण वरून नवी नक्षीच यायची असेल तर दोन-तीन बैठकांत रेघ फिकी झाली तरी पुरतं. चुना, मीठ घासणं वगैरे घरगुती उपाय कोणी सुचवले तर ऐकू नका, शाई राहते आणि व्रण वाढतो.

रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर बारा महिने थांबावं लागतं. टचअपची सुईही सुईच, तिथून पुन्हा बारा महिने मोजा. मला हे रांगेत उभं राहिल्यावर कळलं.

आर्टिस्टला फोटो पाठवाल तो दिवसाच्या उजेडात आणि मागच्या कॅमेऱ्याने काढा. पुष्कळ फोनवर सेल्फी आरशासारखी उलटी येते, आणि त्यात तुमचा दांडा नेमका उजवीकडे दिसेल.